उतार असू दे, पीळ नको

आमच्या गॅरेजमधे १९९९ ची माझदा मिआटा आहे, अमेरिकेबाहेर जिला एमएक्स-५ म्हणतात ती, १.८ लिटरचं इंजिन, पाच गिअर, आणि कापडी छप्पर जे मी मे ते ऑक्टोबर जवळपास बंदच करत नाही. चार वर्षांपूर्वी घेतली, मुद्दाम टेनेसीहून आणली, कारण इथल्या मिशिगनच्या गाड्या खालून मिठाने खाल्लेल्या असतात. डेट्रॉईट शहराच्या खाली हजार फुटांहून जास्त खोलवर खरोखरची मिठाची खाण आहे आणि थंडीत रस्त्यांवर मीठ एवढं पडतं की गाडीचा पत्रा दहा-बारा वर्षांत पापडासारखा होतो. माझी गाडी त्यातून वाचलेली होती. गंज नाही, इंजिन छान, पण रेल्वे क्रॉसिंगवरून किंवा फुटक्या काँक्रीटवरून गेलं की डॅशबोर्ड आणि पुढची काच एकमेकांशी भांडल्यासारखे थरथरायचे आणि मधल्या आरशात मागची गाडी एकाची दोन दिसायची.

उघड्या गाडीला हे होतंच. चपलांचा खोका झाकण लावून दोन्ही हातांनी पिळून बघा, दाद देत नाही. झाकण काढा आणि परत पिळा, लगेच तिरका होतो. बंद गाडीचं छप्पर म्हणजे ते झाकण. ते नसलं की सगळा पीळ गाडीच्या तळाच्या म्हणजे जमिनीच्या पत्र्यावर, दाराखालच्या पट्ट्यांवर आणि मधल्या बोगद्यावर येतो (बोगदा म्हणजे ज्यातून गिअरबॉक्स, शाफ्ट आणि सायलेन्सरचा पाइप जातो तो उंचवटा). आणि पीळ आला की नुसता आवाज होतो असं नाही. स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर आपलं काम नीट करतात ते जिथे बोल्ट केलेत ती जागा हलत नाही असं धरून. जागाच हलायला लागली तर चॅसिस स्वतः पाचवी स्प्रिंग होते, आणि त्या स्प्रिंगला शॉकअब्सॉर्बर नसतो, म्हणून ती थरथरत राहते. माझदाच्या लोकांना हे पहिल्यापासून माहीत होतं, १९८९ मधे आलेल्या पहिल्या मॉडेलला १९९४ साली १.८ चं इंजिन दिलं तेव्हा त्यांनी सोबत जास्तीचे ब्रेस म्हणजे मजबुतीचे बारही दिले, सीटबेल्टच्या दोन खांबांना जोडणारा आडवा बार त्यातलाच.

मिआटाच्या पोटाखाली बोगद्याच्या दोन्ही बाजूंनी लांब पत्र्याचे चॅनल आहेत, त्यांना सगळे फ्रेम रेल म्हणतात, पण फ्रेम वगैरे काही नाही, पातळ पत्रा वाकवून जमिनीला स्पॉट वेल्ड केलाय. बऱ्याच मिआटांचे हे रेल चेपलेले असतात कारण कुठल्यातरी गॅरेजवाल्याने लिफ्टचा हात नाहीतर जॅक तिथेच लावलेला असतो. माझ्याही गाडीचे चेपलेले होते, डावा जास्त. (जॅक पुढे चाकांमधल्या आडव्या तुळईला, म्हणजे क्रॉस मेंबरला, आणि मागे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलच्या घराला लावायचा, आणि गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत जी ॲल्युमिनियमची लांब फ्रेम जाते तिला चुकूनही नाही. हे मिआटा घेणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी सांगतो.)

हा पीळ कमी करायला मी जे किट घेतलं त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे जाड पत्र्याचे नवीन रेल, जुन्या रेलवर खोळीसारखे खालून चढवायचे आणि जमिनीतून आरपार बोल्ट मारायचे. दुसरी म्हणजे त्या दोन रेलना जोडणारी पाइपांची जाळी, फुलपाखरासारखी दिसते म्हणून बटरफ्लाय ब्रेस. मधला बोगदा हा खालून उघडा असतो, उपडी घातलेली पन्हळच म्हणा ना, आणि ही जाळी ती पन्हळ खालून बंद करते. सगळे पाइप तिरके, त्रिकोणात, कारण चौकोन चारी कोपऱ्यांत मोडतो आणि त्रिकोण मोडत नाही. गावाकडच्या पत्र्याच्या शेडची कैची बघा, तेच आहे. सामान काट्यावर लटकवून मोजलं तर सतरा-अठरा किलो भरलं, साधारण एक हजार पन्नास किलोच्या गाडीला हे थोडं वाटतं पण मी दोन महिने विचार केला, कारण मिआटाची सगळी मजा तिच्या हलकेपणात आहे.

जूनमधे आई-बाबा कोल्हापूरहून आले. बाबांनी अडतीस वर्षं उद्यमनगरात लेथवर (लोखंड कातायच्या मशीनवर) काढली, आधी दुसऱ्यांकडे आणि मग भाड्याच्या गाळ्यात स्वतःची दोन मशीन टाकून. आता वय एकोणसत्तर, गुडघे दुखतात, पण गॅरेजमधे खुर्ची टाकून दिली की दिवसभर बसतात. किटचे रेल हातात घेऊन त्यांनी पहिल्यांदा कडेवरून अंगठा फिरवला. "बर काढली न्हाई ह्यांनी," म्हणाले (बर म्हणजे कापलेल्या कडेवर उरलेली खरखरीत धार), आणि कानस मागितली.

पहिल्या शनिवारी ते आईबरोबर मंडळाच्या कार्यक्रमाला गेले आणि मी एकट्यानेच सुरुवात केली. सीट काढल्या (चार-चार बोल्ट, चौदाचा सॉकेट), कार्पेट गुंडाळून वर केलं, गाडी चारी बाजूंनी जॅक स्टँडवर घेतली. डावा रेल सरळ करायला बाहेरून लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने हळूहळू ठोकत आणला, दोन तास गेले, पण पूर्ण सरळ नाही झाला तरी नवीन रेल चढेल एवढा झाला. मग नवीन रेल क्लॅम्पने दाबून धरला, त्याच्याच भोकांतून जमिनीला भोकं मारली, बोल्ट टाकले आणि टॉर्क रेंचने (ठरलेला जोर आला की वाजणारा पाना) सगळे पूर्ण आवळून टाकले. मला वाटलं अर्धं काम झालं. गाडी खाली घेतली, आवराआवर केली.

संध्याकाळी बाबा आले, डाव्या बाजूचं दार उघडलं आणि लावलं. परत उघडलं, परत लावलं. "दार वेगळं वाजतंय."

मला काहीच वेगळं ऐकू आलं नव्हतं. मग मी मुद्दाम ऐकलं, आणि खरंच, नेहमीच्या 'ठप्' ऐवजी शेवटी बारीकसा 'टिक्' येत होता, म्हणजे दाराचं कुलूप खांबावरच्या कडीला किंचित घासत होतं. बाबांनी विचारलं, बोल्ट आवळले तेव्हा गाडी कशावर होती? मी म्हटलं स्टँडवर. "फरशी बघितलीस का लेव्हलला? मग पीळ आत ठेवूनच आवळलंस की रं."

मग त्यांनी लेथची गोष्ट सांगितली, जी मी लहानपणी शंभर वेळा ऐकली असेल पण गाडीशी कधी जोडली नव्हती. लेथ म्हणजे एवढा मोठा बिडाचा बेड, माणसाला वाटतं हा कशाला वाकतोय. पण फरशी जरा वरखाली असली आणि तसेच फाउंडेशन बोल्ट आवळले तर बेड पिळला जातो, मग कातणारं टूल, जॉब म्हणजे कातायचा तुकडा धरणाऱ्या चकपासून दूर जाताना, जॉबच्या रेषेतून सरकत जातं आणि सरळ कातलेला जॉब एका टोकाला जाड, एका टोकाला बारीक निघतो. टेपर येतो. म्हणून आधी लेव्हल, खाली शिम म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या, बेड निवांत बसू द्यायचा आणि मगच बोल्ट, तेही एका कोपऱ्यातला एकदम नाही, थोडा थोडा सगळीकडचा. बिडाच्या बेडचं जर असं होतं तर तुझ्या ह्या पत्र्याचं काय, असं ते म्हणाले नाहीत पण मी ते ऐकलं.

आणि हे मला फार पटलं, कारण स्टँडवर गाडीचं वजन भलत्या ठिकाणी येतं. रस्त्यावर ते चाकांतून, सस्पेंशनमधून येतं, स्टँडवर ते दाराखालच्या पट्टीवर येतं आणि पुढचं इंजिन, मागचा भाग दोन्ही बाजूंनी लोंबकळतात. त्यात चारातला एक स्टँड फरशीच्या खळग्यात असेल तर गाडी तिरकी पिळते. तशा अवस्थेत मजबूत बार लावला की बार ती अवस्थाच पकडून ठेवतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर आपण पिळाला पोलादाचा आधार देतो.

रविवारी सगळे बोल्ट सैल केले. गाडी चाकांवर उभी असताना चौथा बोल्ट सैल झाला आणि खालून 'टक्' असा स्पष्ट आवाज आला, रेल स्वतःहून सरकला. बाबांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

आता प्रश्न असा की गाडी चाकांवरच ठेवायची तर खाली शिरायचं कसं. हार्डवेअरच्या दुकानातून जाड फळ्या आणल्या, कापून, आडव्या-उभ्या रचून स्क्रू मारून चार चौथरे केले आणि गाडी त्यांच्यावर चाकांनी उभी केली. पुढेमागे ठोकळे, हँडब्रेक, गिअरमधे, आणि शिवाय पट्टीखाली स्टँड न टेकवता अंगुळभर अंतरावर, काही घसरलंच तर म्हणून. बाबांनी पारदर्शक नळी आणायला लावली, दहा मीटर, त्यात पाणी भरलं आणि गवंडी करतात तशी पाणसळ करून चारी चौथऱ्यांची उंची भिंतीवर आणि खुर्चीच्या पायांवर खुणा करत मोजली. आमच्या गॅरेजची फरशी दरवाजाकडे उतरती आहे, बर्फाचं पाणी बाहेर जावं म्हणून असतेच. मी म्हटलं, आता सगळं लेव्हल करायचं म्हणजे पुढे दोन इंच चढवावं लागणार. बाबा म्हणाले, "उतार असू दे, पीळ नको." म्हणजे चारी टेकू एका तिरक्या पाटावर असले तरी चालेल, पण त्यातला एक त्या पाटाच्या खाली किंवा वर नको. मागचा उजवा सुताने-दोन सुताने खाली निघाला. त्याच्याखाली उरलेल्या विनाइल टाइलचे तुकडे घातले, गाडी दोनतीनदा दाबून हलवली म्हणजे सस्पेंशन बसेल, आणि परत मोजलं.

मग खरं काम. बाबा सीट काढलेल्या रिकाम्या गाडीत उशी घेऊन बसले, रिंग पाना घेऊन, आणि मी खाली. आतला नट ते धरायचे आणि खालून बोल्ट मी फिरवायचो, बोलण्याऐवजी ते गाडीच्या तळाच्या पत्र्यावर पाना वाजवायचे, एकदा म्हणजे धरलंय, दोनदा म्हणजे थांब. डाव्या बाजूची आदल्या दिवशीची दोन भोकं आता जुळेनात, ती गोल कानसने मोकळी करावी लागली. उजव्या बाजूला नवीन भोकं, तिथे बाबांनी प्रत्येक ठिकाणी आधी पंच मारायला लावला, मग तीनचं ड्रिल, मग साडेआठचं. ड्रिल मारण्याआधी वर हाताने चाचपून वायरिंग बाजूला केलं आणि खाली पेट्रोलच्या नि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात ते खडूने आखून घेतलं, हे करायला दहा मिनिटं लागतात आणि ती घालवाच. गॉगल तर हवाच, खालून वर ड्रिल करताना सगळा कीस तोंडावर पडतो. आणि प्रत्येक भोकाच्या कडेला प्रायमर लावून वाळू दिला. मिशिगनमधे उघडं पोलाद म्हणजे पुढच्या मार्चपर्यंत गंज, नक्की.

बोल्ट एम-८ चे, ८.८ ग्रेडचे, आत मोठे वायसर, नाहीतर पातळ पत्र्यात नट रुततो. सगळे आधी हाताने, मग बटरफ्लाय ब्रेस, त्याचेही हातानेच, आणि सगळं सैल असताना ब्रेस हाताने डावीउजवीकडे हलतो का ते बघितलं. हलला. म्हणजे तो कुठे ओढला जात नव्हता. मग मधून बाहेर, आलटूनपालटून, पहिल्या फेरीत १० न्यूटन-मीटर, दुसऱ्यात २५. शेवटच्या बोल्टला टॉर्क रेंच 'कट्' वाजला तेव्हा आतून बाबांनी पाना तीनदा वाजवला. तीनचा अर्थ आम्ही ठरवलाच नव्हता.

दार लावलं. 'ठप्'.

मोजायचं म्हणून मी काम सुरू करायच्या आधी एक केलं होतं, दाराच्या मागच्या फटीत वरच्या बाजूला व्हिजिटिंग कार्डं घालून मोजली होती, आधी चारी चाकं जमिनीवर असताना आणि मग पुढचा एक कोपरा जॅकने उचलून. आधी दोन कार्डांचा फरक पडत होता. आता एक कार्डही नीट सरकवता येत नाही एवढाच फरक पडतो. ही काही प्रयोगशाळा नाही, पण माझ्याच गाडीचं माझ्याच फटीत मोजलेलं आहे.

रस्त्यावर पहिल्या शंभर मीटरमधेच कळतं असं लोक लिहितात, मला नाही कळलं. चांगल्या डांबरावर काहीच वेगळं वाटलं नाही. उलट एका चढावर खालून खडखड आली, सायलेन्सरचा पाइप ब्रेसला चिकटत होता, परत खाली जाऊन पाइपचं रबर बदललं आणि मधे बोट जाईल एवढी जागा केली. पण मग आमच्या घराजवळच्या रेल्वे क्रॉसिंगवर बाबांना शेजारी बसवून गेलो. दणका तेवढाच बसला, स्प्रिंगा त्याच आहेत, पण एकदा बसला आणि संपला. आधी दणक्यानंतर गाडी सेकंदभर थरथरत राहायची, ते नाही. आरशात मागची गाडी एकच. काचेची चौकट थोडी अजून हलते, ती हलणारच, खालचे बार तिथपर्यंत पोचत नाहीत. सगळ्यात मोठा फरक वळणावर आहे, स्टीअरिंग फिरवल्यावर पुढचं टोक वळतं आणि मागचं जरा विचार करून मागोमाग येतं असं जे मला चार वर्षं वाटायचं ते गेलं. माझदावाले जपानीत म्हणतात जिनबा इत्ताई, घोडा आणि स्वार एक. आता घोड्याची पाठ धड आहे.

बाबा सप्टेंबरमधे परत गेले. जाताना बजावून गेले होते की हजारभर किलोमीटर झाले की एकदा पाना फिरव, नवीन पत्रा जुन्या पत्र्यावर बसतो तेव्हा बोल्ट थोडा सैल पडतोच. गेल्या रविवारी गाडी परत त्याच चौथऱ्यांवर घेतली, त्याच टाइलच्या तुकड्यांसकट, आणि सगळे तपासले. डाव्या बाजूचे, कानसने मोकळ्या केलेल्या भोकांतले दोन, पाव फेरा फिरले. बाकी जागचे हलले नाहीत. भोकांतून आत वॅक्स मारलं, कार्पेट परत बसवलं, आणि कोल्हापुरात सकाळ झाल्यावर फोन केला.

"किती बोल्ट फिरले?" बाबांनी हॅलोच्या आधी विचारलं.

"दोन. डावीकडचे."

"ते फिरणारच होते," म्हणाले, आणि मग आईकडे फोन दिला.