अननसाचं आईस्क्रीम आणि एका रात्रीची विश्रांती

मी घरगुती आईस्क्रीम करायला शिकवते. वर्गाला येताना प्रत्येकाने आपल्या आवडीचं, पूर्ण पिकलेलं एक फळ घेऊन यायचं, एवढीच माझी अट असते. दूध, क्रीम, साखर, दूध पावडर माझी. फळ मात्र त्यांचं, कारण घरच्या आईस्क्रीमची सगळी गोडी त्या फळात असते आणि बहुतेक अडचणीही तिथूनच येतात.

त्या दिवशी टेबलावर आंबे, स्ट्रॉबेरी, पीच, केळी अशी मांडामांड चालली होती. एक काकू अननस घेऊन आल्या होत्या आणि बर्फाच्या पिशवीत गुंडाळलेला एक छोटा डबाही. डबा त्यांनी थेट माझ्या हातात दिला. "मॅडम, आधी हे चाखा. अननस इतका गोड असतो की साखर लागू नये, आणि आईस्क्रीम दरवेळी कडू होतं."

मी चमचाभर घेतलं. पहिल्यांदा छान वाटलं. वास अननसाचा, पोत मऊ, बर्फाचा कणसुद्धा लागत नव्हता. मग जिभेच्या मागच्या भागावर कडवटपणा उतरला आणि बराच वेळ गेला नाही. करपलेल्या दुधाची चव वेगळी असते, सालीची वेगळी. हे त्यातलं नव्हतं.

मी त्यांना सुरुवातीपासून सगळं सांगायला लावलं. दूध, साखर आणि दूध पावडर तापवून गार केलेली. त्यात क्रीम. अननसाचा कच्चा गर मिक्सरमधून काढून रात्रीच मिसळलेला. मग मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये आणि सकाळी मशीनला. ही रात्रभराची विश्रांती मी स्वतः सगळ्यांना सांगते. तेवढ्या वेळात दुधातली चरबी घट्ट होते, दुधाची प्रथिनं पाणी धरून ठेवतात, आणि घुसळताना मिश्रण जास्त गुळगुळीत होतं. काकूंनी प्रत्येक पायरी मनापासून केली होती, म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

"कधी कडू झालं नाही, असं झालंय का?" मी विचारलं.

त्या थोडा वेळ आठवत राहिल्या. एकदा अचानक पाहुणे आले, तेव्हा गर मिसळून लगेच मशीनला लावलं होतं आणि त्याच संध्याकाळी संपलं होतं. ते चांगलं झालं होतं. आणि डब्यातला अननस वापरला, तेव्हाही.

या दोन उत्तरांनंतर मला शंका उरली नाही. ताज्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनं तोडतं. मांसाला अननसाचा रस लावला की ते मऊ पडतं ते यामुळेच, आणि ताज्या अननसाचे तुकडे घातले की जिलेटिनची जेली धरत नाही, तेही यामुळेच. दुधातल्या केसीन या मुख्य प्रथिनाचे असे तुकडे झाले की त्यातले काही चवीला चक्क कडू असतात. फ्रीजच्या गारव्यात हे काम मंदावतं, पण थांबत नाही, आणि इथे त्याला अख्खी रात्र मिळत होती. डब्यातला अननस डबाबंद करताना तापवलेला असतो, म्हणून त्यातलं एन्झाइम निकामी झालेलं असतं.

नुसतं सांगून भागणार नव्हतं. मी अननसाचा रस काढून त्याचे दोन भाग केले. एक तसाच ठेवला, दुसरा काही मिनिटं खळखळून उकळून गार केला. दोन कपांत सारखंच कोमट दूध, आणि दोन्हीत एकेक छोटा चमचा रस. आंबटपणा दोन्हीकडे तोच, त्यामुळे चवीत फरक पडला तर तो उकळण्यामुळेच. कप बाजूला ठेवून आम्ही बाकीच्या फळांकडे वळलो.

स्ट्रॉबेरी आणलेल्या मुलाला मोठे लालबुंद तुकडे हवे होते. पण स्ट्रॉबेरीत नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, त्यामुळे नुसते तुकडे फ्रीजरमध्ये दगड होतात. साखरेमुळे पाणी गोठण्याचं तापमान खाली जातं. म्हणून तुकडे साखरेत मुरवायचे, सुटलेला रस आटवून परत त्यांच्यावर ओतायचा. आंबेवालीला मी उलटं सांगितलं: फळातच इतकी साखर आहे की मिश्रणातली कमी कर, नाहीतर ते नीट धरणारच नाही. तरी चाखताना मिश्रण थोडं जास्त गोड लागलंच पाहिजे, कारण थंडीत जिभेला गोडी कमी कळते. पीचवर लिंबू पिळलं, काळं पडू नये म्हणून.

आंबा मशीनमध्ये फिरू लागला तेव्हा कप पुढे आणले. सगळ्यांनी चाखले. उकळलेल्या रसाचं दूध किंचित आंबूस, बाकी काही नाही. कच्च्या रसाचं दूध दाटसर झालं होतं आणि त्यात तोच कडवटपणा होता. काकूंनी तो कप दोनदा चाखला. "मला वाटायचं, मला फळच निवडता येत नाही," त्या म्हणाल्या. इतके दिवस त्या चांगल्या अननसाला आणि स्वतःच्या पारखीला दोष देत आल्या होत्या.

मग त्यांच्या अननसाचं काम सुरू झालं. गर थोड्या साखरेबरोबर उकळला आणि साधारण तिसरा हिस्सा आटेपर्यंत ढवळत ठेवला. त्यात दोन फायदे होते: एन्झाइम संपलं आणि जास्तीचं पाणीही गेलं. गर पूर्ण गार झाल्यावर, मशीन लावायच्या अगदी आधी, तो गार मिश्रणात घातला. इथे घाई चालत नाही. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. केसीन साधारण ४.६ पीएचला साकळतं आणि अननस त्याहून बराच आंबट असतो. गरम दुधात घातला तर दूध फाटलंच समजा.

आईस्क्रीम उत्तम झालं, कडूपणाचा मागमूस नव्हता. तरी मला जे वाटतं ते मी वर्गात सांगितलं. शिजवलेल्या अननसाचा ताजा, नाकात शिरणारा वास थोडा हरवतो आणि त्याला मुरंब्याकडे झुकणारी चव येते. पूर्ण पिकलेला, घमघमणारा अननस हाती असेल तर मी दुधाच्या वाटेला जात नाही. गर, साखरेचा पाक आणि लिंबाचा रस एवढ्यावर सॉर्बे करते. दूधच नाही, त्यामुळे एन्झाइमला तोडायला काही नाही, आणि फळ कच्चं वापरता येतं. उरलेल्या गराचा तोही लावला. वर्गात दोन तट पडले. काकू आईस्क्रीमच्या बाजूच्या राहिल्या.

निघताना त्यांनी वही उघडली आणि आणखी कोणती फळं अशी आहेत ते विचारलं. किवीत ॲक्टिनिडिन, पपईत पपेन, अंजिरात फिसिन. आंबा, स्ट्रॉबेरी, पीच, केळी यांच्याबाबतीत ही काळजी नाही. किवी उकळली की तिचा हिरवा रंग जातो, म्हणून तिचं सॉर्बेच करा, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, आणि शेजारी अंजिराच्या नावाखाली रेघ मारून म्हणाल्या, "पुढच्या वेळी हे आणते. उकळून."