दुसरा नारळ

"थांब, ओटी भरल्याशिवाय जायचं नाही," काकू म्हणाल्या. मी जीन्समध्ये, पदर कुठला? त्यांनी खुंटीवरचा काकांचा पंचा ओढून माझ्या खांद्यावर टाकला. "हा धर पदर."

पंच्याला साबणाचा आणि थोडा सुपारीचा वास. तांदूळ निम्मे अंगणात सांडले.

दापोलीच्या कृषी विद्यापीठात चार वर्षं शिकले ती याच घराच्या मागच्या खोलीत राहून. कोय कलमाच्या, म्हणजे आंब्याच्या कोवळ्या रोपावर काडी बांधायच्या, प्रॅक्टिकलला माझी पट्टी सारखी सुटायची, वर कोकणातला पाऊस. शेवटी शेजारच्याने बांधून दिली. तोच आज बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होता. (कलम जगलं. माझ्या हातचं एकही नाही.)

लग्नाला माझ्या घरून कुणी आलं नाही. कन्यादान काका-काकूंनी केलं. भाडेकरूचं! त्यावर आमच्यात कधी बोलणं झालं नाही.

आज मात्र ओटीत दोन नारळ निघाले. "एक तुझा. दुसरा यवतमाळला, आईला."

सहा वर्षं आईचा फोन नाही, हे काकूंना पक्कं ठाऊक आहे.

रात्र झाली. नारळ ओट्यावर आहे, शेंडी माझ्याकडे करून.

कुरियरवाले नारळ घेतात का हो?