घरचा सुतार, घरचीच गिऱ्हाइकं

घरच्यांसाठी सुतारकाम करायचं तर एक समजून घ्या, गिऱ्हाईक पैसे देत नाही, डिझाइन रोज बदलतं आणि वस्तू झाली की पहिला प्रश्न "छान आहे रे, पण ठेवायची कुठे?" मी नोकरीवाला माणूस, हत्यारं हातात येतात ती रविवारी, आणि ती पण गॅलरीत जुनी चादर अंथरून, कारण भुसा हॉलमध्ये आला की आई आणि बायको एकदम एकाच पार्टीत जातात. एरवी फार वेळा जात नाहीत.

मला हे वेड लागलं ते २०२४ च्या पुरानंतर. ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी बडोद्यात घुसलं तेव्हा ताईकडे, समा बाजूला, तळमजल्यावर पाणी भरलं होतं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे साफसफाईला गेलो तर तिचं नवं कोरं कबाट, चकचकीत पांढरं, हप्त्यावर घेतलेलं, खालून फुगून पुऱ्या फुगतात तसं टम्म झालेलं, दरवाजे लागेनात, कडेची पट्टी सुटून लोंबत होती. पार्टिकल बोर्ड म्हणजे काय, लाकडाचा चुरा गोंदात घालून दाबलेला, एकदा पाणी प्यायला की फुगतो आणि वाळला तरी मूळ आकाराला येत नाही. त्याच खोलीत आजोबांचा सागवानी चौरंग आणि दोन पाट होते, चिखलाने बरबटलेले. धुतले, सावलीत वाळवले, आणि त्या गौरीला तोच चौरंग वापरला. तेव्हा डोक्यात बसलं की आपण निदान लहानसहान वस्तू तरी धड लाकडाच्या कराव्यात.

धड लाकूड म्हणजे नवा साग नव्हे हं, तो परवडत नाही. मी जुनं घेतो. शहरात जुने वाडे, पोळांमधली म्हणजे जुन्या गल्लीबोळांतली घरं पडतात, त्यांच्या तुळया, चौकटी, कडीपाट वखारीत येतात. भाव सीएफटीवर म्हणजे घनफुटावर. ज्यांना हा हिशोब नवीन आहे त्यांच्यासाठी, सहा फूट लांब, सहा इंच रुंद, एक इंच जाड फळी म्हणजे पाव घनफूट. एवढं डोक्यात असलं की वखारवाल्यासमोर बावळट दिसत नाही. जुन्या लाकडाचा फायदा असा की ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, वाकायचं तेवढं वाकून झालेलं असतं. तोटा म्हणजे आत खिळे. करवत लावायच्या आधी लोहचुंबक फिरवतो, आणि तरी रंध्याच्या पात्याला धार पुन्हा पुन्हा लावावीच लागते कारण सागात मुळातच सिलिका असतं, ते पातं खातं. रंधा आजोबांचाच आहे. आजोबा कलाभवनात शिकले असं घरात सांगतात. कलाभवन म्हणजे सयाजीरावांनी १८९० मध्ये काढलेली तंत्रशिक्षणाची शाळा, आणि बडोद्यातल्या दर दुसऱ्या मराठी घरात कोणीतरी तिथे शिकलेलं असतंच, त्यामुळे मी जास्त खोलात जात नाही.

तर मुद्दा स्टुलाचा. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि ओट्यापाशी बसून भाजी निवडायला, पोळ्या लाटायला तिला बसायची सोय हवी होती. बाजारात पाहिलं तर एक तर ते प्लास्टिकचं बुटकं स्टूल, ज्यावर गुडघा कंबरेच्या वर जातो आणि उठताना हात धरून ओढावं लागतं, नाहीतर हॉटेलातलं उंच, पाय लोंबकळणारं. खुर्ची साधारण अठरा इंचांची असते, आणि आईची उंची चार फूट दहा. अठरा इंचांवर तिची टाच टेकत नाही, मग मांडीखाली कड रुतते. दुकानातली वस्तू कुणाच्या मापाची असते हे मला अजून कळलेलं नाही, आमच्या घरातल्या कुणाच्याच नाही एवढं नक्की.

मग माप घ्यायला बसलो. गुडघ्यामागच्या खळगीपासून जमिनीपर्यंत टेप लावला तर आई म्हणाली, "अरे चपला घालून घे, मी स्वयंपाकघरात अनवाणी असते का कधी?" बरोबर होतं तिचं, अर्धा-पाऊण इंचाचा फरक पडला. नंतर नुसत्या आकड्यावर न थांबता जुने दिवाळी अंक एकावर एक रचले, वर फळी टाकली आणि तिला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. एक अंक काढ, दोन घाल. शेवटी सतरा इंचांवर ती म्हणाली हं आता बरं वाटतंय, बसताना थोडं उंच पण उठताना झटका नाही. बाबा खुर्चीतून बघत होते, म्हणाले, "इतकी वर्षं अंक का साठवता विचारायचात ना मला." हाताला एकच टेकू हवा, उजव्या बाजूला, कारण डावीकडे ओटा असतो, तो धरूनच उठते ती. असं स्टूल कुठल्या कॅटलॉगमध्ये मिळणार?

सांधे कुसवाचे केले, म्हणजे एका लाकडाचं कोरलेलं टोक, ते कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवायचं. कुसू लाकडाच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवायचं, पटाशीनं खाच खणायची, दोन्ही इतके घट्ट की हाताने दाबून जेमतेम आत जातील. साग तेलकट, म्हणून फेविकॉल लावायच्या आधी सांध्यावर थिनरचं फडकं फिरवायचं, नाहीतर नीट धरत नाही. बसायची फळी मात्र पायांना गच्च ठोकायची नाही हे मुद्दाम सांगतो. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही पण रुंदीत पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, आणि आपल्याकडे मेमधली कोरडी हवा आणि जुलैमधली दमट हवा यात जमीन-अस्मानाचा फरक. म्हणून स्क्रूची भोकं लांबट पाडली, फळीला सरकायला जागा राहते. जुन्या घरांची दारं श्रावणात अडकतात ती याचमुळे. प्लायवूडमध्ये थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात म्हणून त्याला हा त्रास नाही, पण घ्यायचंच तर मोरीजवळ, ओट्याखाली ७१० नंबरचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन घ्या, साधं ३०३ नंबरचं मरीन म्हणून गळ्यात मारणारे दुकानदार खूप आहेत.

मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून फळ्या कापणारे व्हिडिओ बघू नका, आणि बघितले तर करू नका. बोटं दहाच आहेत. आणि मास्क लावा, लाकडाची धूळ कॅन्सरकारक आहे हे १९९५ मध्येच जाहीर झालंय, नाकाला रुमाल बांधून भागत नाही.

पॉलिशवरून मात्र वाद झाला. आईला संखेड्याचं हवं होतं. संखेडा बडोद्याहून जवळच, गेलो एकदा सगळे. तिथे खरादावर, म्हणजे लेथवर, फिरणाऱ्या सागाच्या पायावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात, घासून जी उष्णता होते तिनंच लाख वितळून लाकडावर चढते, आणि ती सोनेरी नक्षी सोन्याची नसून कथलाची, वर लाख आली की सोन्यासारखी दिसते. मी तासभर हलेना. बायको म्हणाली आता इथेच राहा. पण माझ्याकडे खराद नाही आणि तसली हातोटी तर नाहीच, त्यामुळे स्टुलाला साधं चपड्याचं म्हणजे लाखेच्या पापुद्र्यांचं पॉलिश, फडक्यानं, पातळ पातळ हात. आई म्हणाली, "चालेल, स्वयंपाकघरातच तर आहे."

समोरच्या बेन बघून गेल्या आणि "भाई, मारा माटे पण एक बनावो ने!" म्हणाल्या. त्यांचं माप घ्यायचं तर त्यांना दिवाळी अंकांवर बसवावं लागेल म्हणून मी विषय बदलला. मुलीला झोपाळा हवाय, त्याला मी सरळ नाही म्हटलंय, स्लॅबला हुक मारून माणसं टांगणं हे रविवारच्या सुताराचं काम नाही, तिथे जाणकार माणूसच बोलवायचा.

सध्या गणपतीचा चौरंग डोक्यात आहे, पाय घडी होणारे, म्हणजे वर्षभर कपाटामागे उभा राहील. बिजागरी आतून बसवायची की बाहेरून एवढंच ठरवायचं होतं, पण आई म्हणते मूर्ती दहा इंचांची, बायको म्हणते या वर्षी बारा, मुलगी काय म्हणते ते सांगत नाही. जोवर ठरत नाही तोवर लाकूड कापणार नाही असं मी तिघींना लेखी कळवलंय, व्हॉट्सॲपवर. अजून निळ्या टिकाच आल्यात.