तुम्ही विचारलंत म्हणून: अडत्या नेमकं काय पिकवतो?

मी अर्थशास्त्र शिकवतो हे कळलं की यावल-रावेरकडचा केळी उत्पादक असो नाहीतर शिंदखेड्याचा कापूसवाला, विचारणा एकच असते. देशाच्या उत्पन्नात निम्म्याहून जास्त वाटा सेवा क्षेत्राचा, असं पेपरात येतं. मग अडत्या, ट्रान्सपोर्टवाला, बँकेतला क्लार्क, रिचार्जच्या दुकानातला पोरगा, यांनी पिकवलं काय? अमळनेरकडे हेच अहिराणीत येतं, "सर, हाऊ अडत्या नेमकं काय करस?" राबतो आम्ही आणि आकडा वाढतो त्यांचा, हे कसं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

या प्रश्नामागचा राग रास्त आहे. पण जे जमिनीतून किंवा यंत्रातून निघतं तेवढंच खरं उत्पादन, ही समजूत मला पटत नाही.

केळीचंच बघा. रावेरच्या बागेत घड कापला जातो तेव्हा तो हिरवागार आणि कच्चा असतो. त्याक्षणी घड्याळ सुरू होतं. कटाईची टोळी हवी, घड बांधापर्यंत खांद्यावर आणणारे हवेत, फण्या सोडवून, धुऊन, प्रतवारी करून बॉक्स भरणाऱ्या बाया हव्यात. ट्रक हवा, किंवा सावदा-रावेरच्या स्टेशनातून वॅगन हवी. पलीकडे दिल्लीच्या आझादपूर मंडईत माल उतरवून घेणारा आणि पैसे बुडवणार नाही असा व्यापारी हवा. मग रायपनिंग चेंबर. तिथे इथिलीन वायू देऊन केळी एकसारखी पिवळी केली जाते, आणि तापमान सांभाळणं हेच तिथलं खरं कौशल्य असतं. साधारण १३ अंशांच्या खाली गेलं की साल काळवंडते, मग आत गर कितीही गोड असला तरी गिऱ्हाईक हात लावत नाही.

या साखळीत बाग सोडली तर कुणीही केळीत एक ग्रॅम वजनाची भर घातलेली नाही. उलट वाटेत वजन घटतंच. पण ही माणसं काढून टाकली तर नवती (नवी लावलेली बाग) असो की पीलबाग (जुन्या झाडाच्या पिलांवर धरलेली), बागेतल्या मालाला गुरांच्या चाऱ्याचा भाव येतो. २०२० च्या टाळेबंदीत देशभरातल्या शेतकऱ्यांनी ते अनुभवलं. पीक होतं, खाणारेही होते, मधली साखळी तुटली होती. माल योग्य वेळी, योग्य जागी, योग्य अवस्थेत पोचवणं हे उत्पादनच आहे. अडत्याबद्दल वाद घालायचा तर तो किती घेतो, वजन-मापात आणि भावात प्रामाणिक आहे का, यावर घालू. तो काही करतच नाही, असं मात्र म्हणता येणार नाही.

हा संशय जुना आहे. अर्थशास्त्राचा जनक म्हणतात त्या ॲडम स्मिथनेही नोकर, वकील, वैद्य, गवई यांचं श्रम अनुत्पादक मानलं होतं, कारण काम संपलं की मागे विकता येईल अशी वस्तू उरत नाही. सोव्हिएत पद्धतीच्या राष्ट्रीय हिशेबात मालवाहतूक उत्पादनात धरत, प्रवासी वाहतूक साधारणपणे धरत नसत. हा नियम भुसावळला लावून बघा. एकाच रुळावरून केळीची वॅगन गेली तर देशाचं उत्पन्न वाढलं, आणि त्यामागून पॅसेंजरमध्ये बसून नर्स दवाखान्यात, मास्तर शाळेत गेले तर शून्य! भुसावळ हे गावच मुळी सेवेवर उभं राहिलेलं आहे. जंक्शन, यार्ड, लोको शेड, रेल्वेच्या वसाहती आणि त्यांच्या पगारावर चालणारा बाजार. त्या गावाने काही निर्माण केलं नाही असं मी म्हणणार नाही, आणि कुणी म्हटलेलं ऐकूनही घेणार नाही.

आकड्यांबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. शेतकरी स्वतःच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीतून कापूस जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, नेतो तेव्हा ती वाहतूक शेतीतच जिरते. तोच शेतकरी पुढच्या वर्षी भाड्याचा टेम्पो करतो, तेव्हा ते भाडं सेवा क्षेत्रात मोजलं जातं. काम तेच, रस्ता तोच, नोंद बदलली. कारखान्यांनी पहारा, साफसफाई, कॅन्टीन बाहेरच्या ठेकेदाराला दिलं की हेच घडतं. अर्थतज्ज्ञ जगदीश भगवती यांनी १९८४ मध्ये ही प्रक्रिया नीट मांडली होती. तेव्हा सेवा क्षेत्राच्या वाढीतला काही भाग हा असा एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलेला असतो. सगळा नव्हे, पण काही नक्कीच.

आता तुमच्या रागाकडे येतो. आज देशाच्या एकूण मूल्यवर्धनात, म्हणजे सगळ्या क्षेत्रांनी मिळून निर्माण केलेल्या उत्पन्नात, सेवांचा वाटा सुमारे ५५ टक्के आहे आणि शेतीचा १८ टक्क्यांच्या आसपास. पण २०२३-२४ च्या श्रमबल पाहणीनुसार शेतीवर जगणारे कामकरी ४६ टक्के आहेत आणि सेवांमध्ये जेमतेम ३० टक्के. भागाकार केला तर सेवेतल्या माणसामागचं सरासरी उत्पन्न शेतीतल्या माणसाच्या चौपटीहून जास्त निघतं. खुपतं ते हे, आणि ते खुपायलाच हवं. युरोपात शेतीतून सुटलेला माणूस आधी कारखान्यात गेला, मग त्याची पुढची पिढी कार्यालयात. आपल्याकडे मधली पायरी अरुंदच राहिली. खान्देशातल्या कापडगिरण्यांचं काय झालं ते धुळ्या-अमळनेरच्या जुन्या माणसांना विचारा.

तरी देश म्हणून सेवांनी आपल्याला तारलं आहे. आपण तेल, सोनं, यंत्रं आणतो त्यापेक्षा कितीतरी कमी किमतीचा माल बाहेर विकतो. ती तूट मोठ्या प्रमाणात भरून निघते ती सेवांच्या निर्यातीतून. २०२३-२४ मध्ये ही निर्यात सुमारे ३४० अब्ज डॉलरची होती, आणि सेवांची आयात वजा केली तरी १६० अब्जांहून अधिक शिल्लक उरली. तुमच्या पंपात पडणाऱ्या डिझेलचं परकीय चलन असं कुठल्यातरी संगणकासमोर बसलेल्या माणसाने कमावलेलं असतं.

आणि तो माणूस ज्या कंपन्यांत बसतो त्यांतली एक आपल्या अमळनेरची. १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, वनस्पती तूप आणि कपडे धुण्याचा साबण काढणारी. खान्देशातला भुईमूग हे तिथे येण्याचं कारण. १९६६ मध्ये वडील गेल्यावर अझीम प्रेमजींनी सूत्रं घेतली, १९८० च्या आसपास कंपनी संगणकाकडे वळली, आणि तीच आजची विप्रो. अमळनेरच्या कितीतरी घरांत तिचे शेअर जपून ठेवलेले आहेत आणि त्यांनी त्या घरांना मोठा हात दिला. पण हजारो पोरांना पगार देणारं काम उभं राहिलं ते बंगळुरूला. शेंगदाण्यासाठी कारखान्याला शेंगदाण्याच्या मुलखात यावं लागलं. सॉफ्टवेअरला तसं काही बंधन नव्हतं. जिथे इंजिनिअर, विमानतळ आणि मोठं शहर, तिथे ते गेलं. आपली शिकलेली पोरं त्यामागे पुण्या-बंगळुरूला गेली, कमी शिकलेली सुरतेला.

म्हणून सेवा क्षेत्र चांगलं की वाईट, या वादात मला रस राहिलेला नाही. सेवा कुठे बसते आणि तिचा पगार कोणत्या गावात खर्च होतो, यावर मी भांडतो. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, केळी आखातात जाते, इराणला जाते. त्यासाठी लागणारं प्रीकूलिंग (काढलेला माल लगेच थंड करणं), पॅकहाउस, कीटकनाशकाच्या अंशाची तपासणी, निर्यातीचे कागद, रेफ्रिजरेशन दुरुस्त करणारा मिस्त्री, हे सगळं पीक जिथे आहे तिथेच सर्वांत जास्त उपयोगी पडतं. सॉफ्टवेअरसारखं ते उठून बंगळुरूला जाणार नाही. कॉलेजात मुलं मला विचारतात, काय शिकू? मी त्यांना स्पर्धा परीक्षेच्या जोडीला कोल्ड स्टोरेजचं काम शिका म्हणतो. पालकांना ते फारसं आवडत नाही. तरी सांगतो.

शेवटी फळपीक विम्याबद्दल, कारण केळीवाल्यांचं पुढचं वाक्य हमखास तेच असतं. हवामानावर आधारित विमा तुमची बाग बघत नाही, तुमच्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद बघतो. थंडीत पारा ठरावीक अंशाखाली सलग काही दिवस उतरला असं त्या यंत्राने नोंदवलं, तरच भरपाई. ते केंद्र झाडाच्या सावलीत असेल, नोंद मध्येच तुटत असेल, तर पूर्ण हप्ता भरूनही हाती काही येत नाही. म्हणजे एक सेन्सर पुसणं, तपासणं, वेळेवर दुरुस्त करणं, इतक्या छोट्या सेवेवर एका मंडळातल्या शेकडो घरांचं वर्ष टांगलेलं असतं. तुमच्या मंडळातलं केंद्र कुठे बसवलंय, त्याची देखभाल कुणाकडे आहे आणि शेवटची तपासणी कधी झाली, हे तीन प्रश्न घेऊन थंडी पडायच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे जा. एकटे जाऊ नका, गावातले दहा-पंधरा बागायतदार बरोबर घ्या, आणि उत्तर लेखी मागा.