ओट्यावरचा तांब्या

दुपारी तीनच्या सुमारास ओट्यावर पालथ्या घातलेल्या पितळी तांब्यावर ऊन येतं आणि हात मोबाइलकडे जातो. तांब्याच्या पोटात अख्खं स्वयंपाकघर असतं: खिडकी, फळी, सिलिंडर आणि मधोमध फोटो काढणाऱ्याचा लाल शर्ट. म्हणून भांडं चिंचेने घासण्याआधी शर्ट बदलावा.

खिडकीवर जुनं पांढरं धोतर ताणून बांधलं की उन्हाचा झगझगीत ठिपका जातो आणि भांड्यावर उजेडाचा लांब पट्टा पडतो. त्या पट्ट्याला कड हवी असेल तर समोरच्या बाजूला काळं काहीतरी धरावं लागतं. आटपाडी-जतकडे घरोघरी सापडणारी घोंगडी यासाठी नामी. काळा कार्डशीट थोडा तरी चमकतोच, लोकर मात्र उजेड पिऊन टाकते. दिवे बंद ठेवावेत. खिडकीचा निळसर उजेड आणि बल्बचा पिवळा एकत्र आले की एक रंग सुधारताना दुसरा बिघडतो. रात्री दिव्यावर काढायचाच असेल आणि फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, 1/100 किंवा 1/50 सेकंदावर ठेवावा. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो.

उत्तरेची खिडकी धरा, तिथे थेट ऊन येत नाही, असं सगळे सांगतात. विलायतेत दुपारी ते खरंही असेल. सांगली 17 अंश अक्षांशाच्या किंचित खाली आहे. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळची तिरीप तर सरळ आत घुसते. त्यापेक्षा साताऱ्याकडचं आषाढातलं आभाळ बरं. धोतरसुद्धा बांधावं लागत नाही.

हळदीचा डबा ही वेगळीच डोकेदुखी. राजापुरी हळदीचा पिवळा एवढा भडक असतो की कॅमेऱ्यात त्याचा नुसता सपाट डाग उरतो, दाणा दिसतच नाही. मोबाइलच्या पडद्यावर डब्यावर बोट दाबून फोकस पक्का करायचा आणि तिथे दिसणारी उजेड कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढायची. पिठाच्या परातीला उलट: ती वर ओढायची, नाहीतर ज्वारीचं पीठ राखेसारखं करडं दिसतं. तव्याला पुन्हा खाली. आणि भांड्याला मोबाइल भिडवू नये. नाकाजवळ नेला की तांब्याचं पोट सुटतं. दोन पावलं मागे सरून दुप्पट झूम करावा.

एवढं सगळं करून लोक खलबत्त्याभोवती झेंडूच्या पाकळ्या पसरतात. कशाला? खलबत्त्याशेजारी लसणाची सालं असतात, ती असू द्यावीत. इंग्लंडात फोटोग्राफीच्या जनकांपैकी एक असलेल्या टॅलबटने 1844 मध्ये उघड्या दाराला टेकवलेल्या खराट्याचा फोटो काढला. फोटोग्राफी नुकती जन्मली होती, आणि त्याला खराटा पुरला.

काचेच्या बरणीतलं लोणचं सर्वांत अवघड. पुढून उजेड टाकला तर नुसती काच दिसते. मागून, किंचित बाजूने टाकला की तेल पेटल्यासारखं लाल होतं आणि मोहरी दिसते. मोबाइलमागे घोंगडी धरली की काचेतलं आपलं तोंडही जातं. झाकण मात्र लावूनच ठेवावं. फोटोच्या नादात ओला चमचा आत गेला तर बुरशी येते, आणि मग घरात ऐकून घ्यावं लागतं ते वेगळंच.