सहा झडपांचा जपानी ब्योबू : खोलण्यापासून पुन्हा उभा करण्यापर्यंत

जुना ब्योबू, म्हणजे जपानी घडीचा पडदा, दुरुस्तीला आला की सगळे आधी चित्रावरचे डाग बघतात. मी आधी बिजागऱ्या बघतो. चित्र फाटतं ते बहुतेक वेळा आतला लाकडी सांगाडा आणि बिजागऱ्या थकल्यामुळे. इथे सांगतोय तो ब्योबू एदो काळातला (जपानचा १६०३ ते १८६८ हा कालखंड) : सहा झडपा, कागदावर शाईने काढलेले डोंगर आणि पाणी, वर सोन्याच्या वर्खाचे ढग, उतारांवर हिरवा-निळा खनिज रंग.

झडपा उजवीकडून मोजायच्या. हात लावण्याआधी प्रत्येक झडपेचे फोटो समोरच्या आणि तिरप्या प्रकाशात काढले. सुटलेला रंग आणि फुगलेला कागद तिरप्या प्रकाशातच नीट कळतो. मग कोपऱ्यांवरचे धातूचे पत्रे, रोगणाची चौकट, चित्राभोवतीची किनखापाची पट्टी, या क्रमाने सगळं उतरवलं. जिथलं तिथेच परत बसायचं असल्यामुळे प्रत्येक पत्र्यावर आणि खिळ्यावर क्रमांक हवा. बिजागऱ्या कापल्या की झडपा सुट्या होतात.

चित्र मात्र सोपेपणाने सुटतं, आणि ती जुन्या कारागिरांची कृपा. त्याखालचा कागद फक्त कडांनी चिकटवलेला असतो, मधे पोकळ. तिथून बांबूची पातळ पट्टी हळूहळू सारत न्यायची. आतल्या थरांत बरेचदा जुन्या हिशेबाचे आणि पत्रव्यवहाराचे कागद निघतात. ते रद्दी म्हणून टाकू नयेत; सुटे करून, वाळवून, चित्राबरोबर जपून ठेवावेत.

पाणी लावण्याआधी रंग पक्का करावा लागतो. खनिज रंग धरून ठेवणारा सरस जुना झाला की रंग भुकटी होऊन गळतो. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस रात्रभर गार पाण्यात भिजवून मंद आचेवर विरघळवायचा, उकळू द्यायचा नाही. उकळला की चिकटपणा जातो. १ ते ३ टक्क्यांचं पातळ द्रावण बारीक कुंचल्याने द्यायचं, वाळू द्यायचं, गरज पडली तर पुन्हा. एकदाच दाट दिलं तर वर चकाकी येते आणि रंग पापुद्र्यासारखा उचलतो. तांब्याच्या हिरव्या रंगाखाली कागद तपकिरी आणि ठिसूळ झालेला असतो, तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. वर्ख कधीही पुसायचा नाही.

मग चित्र टिपकागदावर ठेवून गाळलेल्या पाण्याचा फवारा दिला की पिवळेपणा खाली टिपकागदात उतरतो. जुनं अस्तर काढताना आधी चित्राच्या दर्शनी बाजूला समुद्री शेवाळाच्या पातळ खळीने संरक्षक कागद लावतात, चित्र पालथं करतात आणि थोडा थोडा भाग ओलसर करून चिमट्याने तंतू उचलतात. घाई केली की मूळ कागदाचा थरही सोबत येतो. भोकं भरायला तशाच धाग्यांचा, तितक्याच जाडीचा कागद वापरावा आणि त्याला आजूबाजूपेक्षा किंचित फिका रंग द्यावा. हरवलेली रेघ आपण ओढायची नाही, असं माझं ठाम मत आहे.

नव्या अस्तराला कोझोचा, म्हणजे जपानी कागदी तुतीच्या सालीचा, कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. एक भाग स्टार्च, चार भाग पाणी. रात्रभर भिजवून, सतत ढवळत पाऊण तास शिजवायची, गार करून घोड्याच्या केसांच्या चाळणीतून दोनदा गाळायची, मग लागेल तशी पातळ करायची. दाट खळ हा सर्वांत जास्त आढळणारा दोष : अस्तर कडक होतं, चित्राला चिरा जातात आणि कसरीला खाद्य मिळतं. अस्तर लावलेलं चित्र ताणफळीवर कडांनी चिकटवून काही महिने राहू द्यावं. कोरड्या आणि दमट हवेचे दिवस त्याने फळीवरच सोसलेले बरे.

आता सांगाडा. जुना वाकला होता, म्हणून मुरलेल्या सुगी देवदाराची नवी जाळी केली. तिच्यावर कागदाचे थर चढतात. पहिला चिवट कागद प्रत्येक पट्टीला चिकटवतात. वाळल्यावर तो ढोलकीच्या पानासारखा ताणला जातो. दुसरा जाड, जाळीची सावली वर उमटू नये म्हणून. त्यावर कौलांसारखे एकावर एक येणारे, एकाच कडेला चिकटवलेले कागद, आणि त्यांना दाबणारा सलग थर. दोन्ही बाजूंना थर सारखेच हवेत. एका बाजूला कमी पडला तर वाळताना झडप त्या ताणाने वाकते आणि पुढे सरळ होत नाही.

बिजागऱ्या याच टप्प्यावर बसतात, आणि त्याही कागदाच्याच. एक पट्टी या झडपेच्या पुढून शेजारच्या झडपेच्या मागे जाते, तिच्याखालची उलटी. म्हणून पडदा दोन्हीकडे वळतो. पूर्वी झडपा चामड्याने किंवा दोरीने बांधत आणि प्रत्येकीला वेगळी चौकट असे. कागदी बिजागरी आल्यावर मधल्या चौकटी गेल्या आणि डोंगर सलग सहा झडपांवर पसरू शकला. जोडताना झडपांमध्ये पुठ्ठ्याची पट्टी ठेवून फट सोडावी, कारण नंतर वर आणखी थर, चित्र आणि किनखाप येतो. फट कमी पडली की घडी मिटताना कडा एकमेकींवर घासतात आणि नवी बिजागरी फाटते.

त्यानंतर कडांनीच चिकटणारे लहान कागदांचे दोन पोकळ थर, सांधे एकावर एक येणार नाहीत असे, आणि शेवटी चित्र. इथे नदीचा काठ आणि डोंगराची रेघ शेजारच्या झडपेशी जुळवावी लागते. आधीच्या दुरुस्त्यांत कडा कापलेल्या असतील तर रेघ नेमकी जुळत नाही; ओला कागद ओढून ती जुळवू नये. सोळाव्या शतकातला जपानी चित्रकार कानो एइतोकू याचा सायप्रस वृक्षाचा ब्योबू मुळात सरकत्या दारांवरचा. त्याच्या आठ झडपा केल्या तेव्हा फांद्यांचे सांधे विसंगत झाले. २०१२ ते २०१४ च्या दुरुस्तीत चार-चार झडपांचे दोन ब्योबू केले गेले. रचनाच चुकली असेल तर कागद ओढण्यापेक्षा रचना बदलावी, हे त्या कामातून घेण्यासारखं आहे.

उभा करताना झडपा नागमोडी ठेवा. पूर्ण ताणून सरळ केला तर तो पडतो. उजेड ५० लक्सपर्यंत, आर्द्रता ५० ते ५५ टक्क्यांच्या आसपास. उचलताना आधी घडी मिटायची, दोघांनी खालून धरायचं, आणि चित्राच्या पृष्ठभागाला बोट लागू द्यायचं नाही.