पोळ्याच्या बैलावरची अक्षरं

2025च्या पोळ्याला औसा तालुक्यातल्या एका गावात गेलो. शिवारात सोयाबीन शेंगांवर आलेलं. आदल्या दिवशी खांदेमळणी, म्हणजे बैलांचे खांदे चोळून, त्यांना 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या' म्हणून झालं होतं. दुपारी ओढ्यावर बैल धुतले आणि रंगाचे डबे उघडले.

शिंगांना हिंगूळ, त्यावर बेगड, टोकांना फुगे. कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा. पोरं रंगात हात बुडवून बैलांच्या पोटावर ठसे उमटवत होती. मी एका देवणी जातीच्या बैलापाशी थांबलो. शेवरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला. पाठीवरून गुलाबी वेल निघून फऱ्यापर्यंत गेलेली, मोठी सुरेख. फोटो काढत होतो, तेवढ्यात रंगवणारे मामा म्हणाले, "नुस्तं फुलंच बघायलाव व्हय? वाचा की!"

मग दिसलं. पानांच्या दाटीत निळी अक्षरं होती: 'हमीभाव 5328. पदरात किती?' प्रश्नचिन्ह नेमकं काळ्या डागावर आलेलं, म्हणून तेवढ्यापुरता त्यांनी चुना वापरला होता. 5,328 रुपये क्विंटल हा सोयाबीनचा 2025-26च्या हंगामाचा हमीभाव होता. बाजारात त्याच्या खाली विकावं लागतं, हे दुखणं इथं घरोघरी आहे.

मला ग्रेसन पेरी आठवले. 2003 साली टर्नर पुरस्कार मिळालेले इंग्लंडचे कलावंत. त्यांची मातीची भांडी लांबून नुसती देखणी दिसतात. जवळ जाऊन बघितलं की नक्षीतच हिंसा आणि लहान मुलांवरचे अत्याचार दिसू लागतात. पण ती बघायला आपल्याला दालनात जावं लागतं. हा बैल स्वतः चालत वेशीपर्यंत जातो, आणि तिथं तोरणाखाली गावचे मानकरी, पुढारी हजर असतात.

"फलक धरला तर म्हणतेत, राजकारण करायलाव," मामा म्हणाले. "बैलाला आज कोण अडवतंय?"

खरंच कुणी अडवलं नाही. तोरण तुटलं, वाजंत्री सुरू झाली आणि पांढऱ्या कपड्यांतल्या एका पाहुण्यांनी त्याच बैलाला कुंकू लावून हात जोडले. त्यांचा हात त्या आकड्याच्या अगदी शेजारी होता. मला ही कला फार मोलाची वाटते. ती पूजेच्या मानातून बोलते, त्यामुळे ऐकणाऱ्याला तिच्यापुढे वाकावंच लागतं.

बघायला जाणार असाल तर दुपारीच पोचा. मिरवणुकीच्या गर्दीत वाचायला सवड मिळत नाही, आणि कच्चा रंग पहिल्या पावसात धुऊन जातो.